४५० रुपयांची बॅटरी आणि कार्ल्याचं लेणं

विकतात टॉर्च म्हणून, पण आमच्या उरणकडे हिला बॅटरीच म्हणतात. किंमत ४५० रुपये, टाइप-सी चार्जिंग, पुढचं तोंड ओढलं की झोत बारीक होतो. तीन महिने वापरतोय. लाइट गेल्यावर कामाला यावी म्हणून घेतलेली नाही, त्यामुळे का घेतली ते आधी सांगतो.

एकवीरा आमची कुलदेवी. कार्ल्याचा डोंगर आजवर पंचवीसेक वेळा तरी चढलो असेन. दर्शन, ओटी, प्रसाद, खाली उतरून जेवण. लेणं देवळाला लागूनच आहे, पण तिथे तिकीट पडतं आणि पोरं भुकेली असतात, म्हणून आत गेलो तरी फोटोपुरता. यंदा पावसाळ्यात आईचे गुडघे धरले, ती देवळातच बसून राहिली, म्हणून मी आत शिरलो.

आत साठीची एक जर्मन बाई खांबाजवळ गाल नेऊन उभी. मला वाटलं, चक्कर आली. विचारलं तर म्हणाली, वाचतेय. तिने हातातली छोटी बॅटरी दगडालगत आडवी धरली आणि मला सपाट दिसणाऱ्या खांबावर अक्षरं उठली. समोरून उजेड पाडला तर काही कळत नाही. तिरका पाडला की कोरलेल्या रेषेत सावली भरते. जुनी ब्राह्मी लिपी: अधिकच्या चिन्हासारखा 'क', वर्तुळात टिंब असलेला 'थ'. तिने वाचून दाखवलं: धेनुकाकटा... यवनस... थंभो दानं. धेनुकाकटाच्या एका यवनाने दिलेला खांब. यवन म्हणजे ग्रीक, नाहीतर तसाच बाहेरून आलेला कोणी. ते गाव नेमकं कुठलं यावर अजून एकमत नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, आमच्यात तर सांगतात की पांडवांनी एका रात्रीत बांधलं. ती हसली नाही. वही काढून लिहून घेतलं. माझीच मान खाली गेली.

मग तिने ती वर करायला लावली. छताच्या कमानी लाकडी आहेत, सागवानी, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या! पंचवीस खेपांत एकदाही वर बघितलं नव्हतं. खांब ३७, त्यातले स्तूपामागचे ७ अगदी साधे. ओसरीत भूतपाल नावाच्या सेठीचा, म्हणजे सावकाराचा, लेख आहे: हे शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) जंबुद्वीपात, म्हणजे सगळ्या भारतात, उत्तम. हाही रिव्ह्यूच, पाच तारेवाला.

घरी येताना गाडीतच ही बॅटरी मागवली.

आता तिच्याबद्दल. उजेड भरपूर, वजन खिशात जाणवत नाही, एका चार्जिंगवर माझ्याकडे तीनेक तास चालते. झोत अगदी बारीक केला की मधे चौकोनी ठसा पडतो आणि अक्षरं त्यात हरवतात. अर्धवट ओढून ठेवावी. पट्टा कुचकामी, पहिल्याच आठवड्यात तुटला. सगळ्यात वाईट म्हणजे बटण. ते इतकं हलकं आहे की पिशवीत आपोआप दाबलं जातं.

परवा आईला तो खांब दाखवायला नेलं. बॅटरी काढली तर पार उतरलेली, ओटीच्या नारळाखाली वाटभर जळत आली होती. शेवटी मोबाईल आडवा धरून 'थ' दाखवला. आई म्हणाली, "हा तर आपल्या कुंकवाच्या टिकल्यासारखा आहे की रे."

तीन तारे. बटण सुधारलं तर चार.