शेजाऱ्याच्या सीमेवर फौजा जमल्या तर? इंदूरमधला नकाशा-खेळ

तारे: पाचपैकी साडेतीन

इंदुरात मराठी विद्यार्थ्यांसाठी भरणारा हा रविवारचा नकाशा-खेळ जरूर खेळावा. शत्रूच्या फौजा सीमेवर, शेजारी अजून शाबूत, आणि मित्रराष्ट्रांची चाल तुमच्या हाती.

सगळ्यात सरस फेरी कुवेतची. १९६१ मध्ये इराकने हक्क सांगताच १ जुलैपासून ब्रिटिश सैन्य उतरलं आणि हल्ला झालाच नाही. पुढे त्यांची जागा अरब लीगच्या फौजेने घेतली. १९९० मध्ये आधी कुणीच उतरलं नाही, २ ऑगस्टला कुवेत गेलं. वेळेवर पोचलेली तुकडी किती स्वस्त पडते, ते सोंगट्या हलवताना कळतं.

नियमपत्रिका मात्र कच्ची. नाटो या लष्करी आघाडीचं कलम ५ (एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा) म्हणजे आपोआप सैन्य, असं त्यात धरलंय. प्रत्यक्षात प्रत्येक देश आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करतो. १९९४ चं बुडापेस्ट मेमोरँडम, म्हणजे अण्वस्त्रं सोडणाऱ्या युक्रेनला सीमांबाबत दिलेलं लेखी आश्वासन, तेही ‘हमी’च्या रकान्यात टाकलंय, त्यात लष्करी मदतीचं बंधन नाही. त्या भरवशावर युक्रेनचा खेळाडू बसून राहतो. निर्बंधांचं पान हल्ल्यानंतरच टाकता येतं, म्हणजे धाक उरतच नाही. शिवाय पोलंडच्या रेल्वे रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, लिथुआनियाच्या मुख्यतः १५२०; एकाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. रणगाडे सीमेवर उतरवून चढवण्यात अर्धी चाल जायला हवी, इथे ते भुर्रकन पोचतात.

१८०३ ची फेरीही आहे. असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढतात, होळकर बाजूला; पुढच्या वर्षी होळकर एकटे. होळकरांच्या इंदुरात ती खेळताना टेबलावर जरा शांतताच असते.