एम-८८ रिकव्हरी व्हेइकल, १/३५ : पूर्ण होऊन काही महिने झाल्यावरचा अनुभव

टँक-गाड्यांची प्लॅस्टिकची छोटी मॉडेल्स जोडणारे दोन-तीन मित्र सारखे विचारतायत की रिकव्हरी व्हेइकलचं, म्हणजे बंद पडलेले टँक ओढून काढणाऱ्या गाडीचं, किट घ्यावं का, टँकपेक्षा अवघड जातं का, एवढा खर्च करण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. माझं एम-८८ ए-१ (१/३५ म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं) पूर्ण होऊन एक उन्हाळा आणि अख्खा पुण्याचा पावसाळा गेला, त्यामुळे नवीन-नवीनचा उत्साह बाजूला ठेवून ते टिकलं कसं हेही आता सांगता येतं. किट जुन्या साच्याचं होतं, पण कंपनीबद्दल काही लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कोणाचंही किट घेतलंत तरी लागू आहे.

आधी उत्तर देतो: घ्या, नक्की घ्या. फक्त तोफ नसलेला टँक समजून जोडायला बसू नका.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ एप्रिल २००३ ला बगदादच्या फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा पाडला ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय, पुतळ्याच्या गळ्यात साखळी टाकून ओढणारी ती मोठी चिलखती गाडी म्हणजे ह्याच एम-८८ घराण्यातली. काम मात्र पुतळे पाडायचं नाही. अडकलेला, बंद पडलेला, खड्ड्यात गेलेला टँक बाहेर काढायचा, ओढत मागे न्यायचा, इंजिन किंवा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) उचलून द्यायचं. १९६१ पासून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला बनायला लागली, एम-४८ आणि एम-६० पॅटन टँकचे बरेच भाग वापरून. पहिल्या गाडीला पेट्रोल इंजिन होतं, १९७७ च्या सुधारित ए-१ मधे ७५० हॉर्सपॉवरचं डिझेल आलं. नंतर अब्राम्स टँक आला आणि तो पन्नास-साठ टनांचा धूड ओढताना ए-१ ची दमछाक व्हायला लागली, १९९१ च्या गल्फ वॉरमधे ते फारच जाणवलं, आणि त्यातूनच पुढे १०५० हॉर्सपॉवरचा ए-२ हर्क्युलिस आला. मला ए-१ च आवडतो. आकार जास्त सुटसुटीत आहे आणि सगळी यंत्रणा उघडी दिसते.

आता खरा मुद्दा. टँकचं मॉडेल कसंही ठेवलं तरी चालतं, तोफ थोडी वर, थोडी खाली, काही बिघडत नाही. ह्या गाडीचं तसं नाही. ए-फ्रेम (वजन उचलायची A आकाराची चौकट, हीच बूम) आडवी की उभी, ब्लेड (पुढचा पोलादी फाळ) वर की जमिनीत, केबल सैल की ताठ, ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. खऱ्या गाडीत ब्लेड जमिनीला न टेकवता बूम फक्त साडेपाच टनांच्या आसपास उचलते, आणि ब्लेड टेकवला की तीच बूम साडेबावीस टनांपर्यंत जाते, कारण वजन पुढच्या चाकांवर न येता ब्लेडमधून थेट जमिनीत जातं. म्हणजे तुम्ही ए-फ्रेमला अब्राम्सचं टरेट लटकवलं आणि ब्लेड वर दुमडलेला ठेवला तर ते मॉडेल कितीही सुंदर रंगवलेलं असू दे, चूक आहे. इंजिन पॅक (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र) लटकवला तर ब्लेड वर चालेल, कारण तो चारेक टनांचाच असतो. त्यामुळे पहिला भाग स्प्रूवरून (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात ती) कापायच्या आधी गाडी काय काम करतीये हे ठरवून टाका, मग त्याप्रमाणे कुठले सांधे चिकटवायचे, कुठले हलते ठेवायचे ते आपोआप ठरतं. किटच्या सूचनापत्रिकेत हे कुठेही सांगितलेलं नसतं, त्यात नुसते बाण असतात.

मी ए-फ्रेम उभी, इंजिन पॅक लटकलेला, आणि जमीन मऊ दाखवायची म्हणून ब्लेड टेकवलेला असं केलं. पॅक किटमधे नव्हता, एका मित्राने थ्रीडी प्रिंट करून दिला.

केबलबद्दल जरा जास्त लिहितो कारण ह्या मॉडेलचा जीव तिथे आहे. किटमधे दोरा येतो. दोऱ्याला कितीही रंग लावा, त्याला केस येतात आणि तो लोखंडासारखा पडत नाही, हवेत तरंगल्यासारखा दिसतो. खऱ्या ए-१ ची मेन विंचची (ओढायच्या यंत्राची) केबल ३२ मिलिमीटर जाडीची आणि उचलायची होइस्टची १६ मिलिमीटर, म्हणजे १/३५ मधे साधारण ०.९ आणि ०.४६ मिमी. आता गंमत बघा. वायर रोपमधे मधल्या गाभ्याभोवती सहा लडी असतात, म्हणजे सारख्या जाडीच्या सात तारा घेतल्या, एक मधे आणि सहा बाजूने, तर एकूण जाडी एका तारेच्या बरोबर तिप्पट होते. मोटर रिवायंडिंगची ३० गेजची तांब्याची वायर ०.३१५ मिमी असते, तिप्पट केली की ०.९४. आणि ३८ गेजची ०.१५२, तिप्पट ०.४५६. दोन्ही केबल अशा चपखल बसतात की मेटलच्या रेडिमेड केबल परदेशातून मागवायची काही गरजच नाही. वायर बुधवार पेठेत मिळते, नाहीतर कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात.

पिळायची पद्धत अशी: सातही तारांचं एक टोक टेबलाच्या व्हाइसमधे, दुसरं हँड ड्रिलच्या चकमधे, मधली तार थोडी जास्त ताणून धरायची म्हणजे ती मधेच राहते, आणि ड्रिल हळूहळू फिरवायचं, इलेक्ट्रिक ड्रिल नको, ते क्षणात पिळून तोडतं. पीळ उजवा पडला पाहिजे, उभी धरली की लडी डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसल्या पाहिजेत, बहुतेक वायर रोप तसेच असतात. मग ती केबल गॅसच्या ज्योतीवरून पटकन फिरवायची, खिडकी उघडी ठेवून, कारण वरचं इनॅमल जळताना घाण वास येतो. तापून गार झालेलं तांबं इतकं मऊ होतं की बोटाने दाबलं तिथे बसतं आणि परत उसळत नाही. विंचपाशी सैल पडलेली वेटोळी तेव्हाच खरी वाटतात. होइस्टची केबल मात्र ताठ हवी, वजन लटकलंय ना, म्हणून ती न तापवता तशीच पिळलेली वापरली, ती सरळ राहते. रंग देताना केबल नारिंगी गंजलेली करू नका प्लीज, खूप मॉडेल्सवर दिसतं ते. वापरातली केबल ग्रीसने काळपट असते, जिथे पुलीवरून घासते तेवढीच चकाकते.

ए-फ्रेम जोडताना बिजागरीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या कापून टाकल्या आणि तिथे १ मिमीचा पितळी रॉड आरपार घातला. प्लॅस्टिकच्या खुंटीवर कायमचं वजन राहिलं तर ती महिन्या-दोन महिन्यात वाकते, आणि इथे तर टोकाला रेझिनचा पॅक लटकतोय. मागून फ्रेमला धरून ठेवणाऱ्या स्टे-केबलसुद्धा नुसत्या शोभेच्या ठेवल्या नाहीत, खरोखर ताणून बांधल्या, म्हणजे वजन खऱ्या गाडीसारखंच केबलमधून मागे जातं आणि ब्लेडमधून खाली. हे जुळून आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो रंगकामात कधीच झाला नव्हता. बोटाने पॅक हलवला की स्टे-केबल ताठ होताना दिसते!

गाडीचा वरचा भाग ओतीव चिलखताचा आहे आणि किटवर तो साबणासारखा गुळगुळीत येतो. तसाच रंगवला तर खेळणं दिसतं. ओतीव पोलाद नेमकं कसं दिसतं हे फोटोत कळत नाही, त्यासाठी नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियमला जावं. तिथे पॅटन उभा आहे, आणि एम-८८ त्याच घराण्यातली असल्यामुळे कास्टिंगचा पोत, जोडांवरची वेल्डिंग, रोडव्हीलच्या रबराची कड हे सगळं हातभर अंतरावरून बघायला मिळतं. मला वाटायचं कास्टिंग म्हणजे सगळीकडे सारखे खड्डे, पण तसं नसतं. मोठ्या सपाट भागावर पोत हलका, कोपऱ्यात आणि वळणावर जास्त, आणि जिथे ग्राइंडर फिरलाय तिथे एकदम साफ. मी लिक्विड पुट्टी पातळ करून जुन्या राठ ब्रशने ठोकत लावली आणि वाळल्यावर वरचे टोकदार कण पॉलिश पेपरने मारले. एवढ्या एका कामाने मॉडेल वजनदार दिसायला लागतं.

ट्रॅक (चाकांवरचे साखळी-पट्टे) किटमधे मऊ व्हिनाइलचे होते. ते चढवायला सोपे पण त्यातलं प्लॅस्टिसायझर कालांतराने बाहेर येतं आणि लागून असलेलं प्लॅस्टिक चिकट करून टाकतं, जुन्या मॉडेल्सची चाकं त्याने खाल्लेली मी बघितलीयेत. म्हणून सुटे कड्यांचे ट्रॅक वेगळे घेतले. खर्च वाढला, शिपिंग आणि ड्युटी धरून जवळपास दुसरं किट आलं असतं, पण ट्रॅक वरच्या तीन रिटर्न रोलरवर (त्याला आधार देणाऱ्या छोट्या चाकांवर) कसा टेकतो आणि मधे किती झोल घेतो ते सुट्या कड्यांतच नीट दाखवता येतं. बजेट नसेल तर व्हिनाइलवालेच वापरा, फक्त चढवायच्या आधी चाकांवर रंग आणि वार्निशचा नीट थर द्या.

रंग नाटोचा तीन रंगी, हिरवा, तपकिरी, काळा. ह्यावर फार बोलण्यासारखं नाही, सगळ्यांना येतो. एक सांगतो, ह्या गाडीवर लढाईचे ओरखडे मारत बसू नका. हिचा मळ वेगळा आहे. चढा-उतरायच्या जागी बुटांनी घासलेलं, हत्यारांच्या पेटीची कड उघडी पडलेली, हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर तेलाची ओल, ब्लेडची खालची धार मातीत घासून पांढरी चकाकणारी आणि वरचा भाग चिखलाने भरलेला. गाडीला बघून ही रोज कामाला जाते हे कळलं पाहिजे.

माणसं लावायच्या आधी सोसायटीतल्या एका काकांना दाखवायला नेलं, ते आर्मीच्या ईएमईमधून (यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतून) सुभेदार म्हणून रिटायर झालेत, आयुष्य रिकव्हरीत गेलं. आपल्या आर्मीत ह्या कामाला व्हीटी-७२बी आणि डब्ल्यूझेडटी-३ गाड्या आहेत, ही अमेरिकन गाडी आपल्याकडे नाही, पण काकांना काही फरक पडला नाही. रंगाकडे त्यांनी बघितलंही नाही. आधी शॅकलच्या (केबल जोडायच्या कड्यांच्या) पिना तपासल्या, मग केबल कुठून कुठे जाते ते बोटाने पूर्ण फिरवून बघितलं, आणि विचारलं, "माणसं कुठे उभी करणारेस?" मी जागा दाखवल्या तर म्हणाले, "एक लक्षात ठेव, ताणलेल्या केबलच्या रेषेत आणि लटकलेल्या वजनाखाली कोणी नसतं. केबल तुटली ना, तर माणूस अर्धा करते. आणि हाताने इशारा देणारा एकच. दोघं हात हलवायला लागले की ऑपरेटर कोणाचं बघणार?" त्यामुळे आता माझ्या बेसवर एकच जण हात वर करून उभा आहे, ऑपरेटरला दिसेल असा बाजूला, आणि बाकीचे दोघे लांब. ह्या एका सल्ल्याने बेसची सगळी मांडणी ठरली. परवा काका परत आले होते, बराच वेळ वाकून बघत होते, आणि म्हणाले, "हां, हा बरोबर उभा आहे." मला अजून काही नको.

आता टिकण्याबद्दल. पितळी रॉडमुळे ए-फ्रेम एक मिलिमीटरही खाली आलेली नाही. तांब्याच्या केबल एकदम तशाच, कारण त्यांच्यावर मॅट वार्निश आहे, उघडं तांबं ठेवलं असतं तर पावसाळ्यात हिरवट पडलं असतं. फोटोएचच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) दोन जाळ्या सुटल्या, इंजिनावरच्या, त्या इन्स्टंट ग्लूने लावल्या होत्या. दमट हवेत आणि हाताळणीत ग्लूचा सांधा ठिसूळ होतो, आता तिथे दोन भागांचा इपॉक्सी लावलाय आणि तुम्हीही मोठ्या फोटोएच भागांना तोच लावा. वार्निशचं एक बघा, जून ते सप्टेंबर भर पावसाच्या दिवशी मॅट कोट मारू नका, हवेतलं पाणी थरात अडकतं आणि सगळी गाडी पांढरट पडते, दोन दिवस ऊन पडेपर्यंत थांबा. धूळ हा ह्या मॉडेलचा खरा शत्रू आहे, एवढ्या केबल आणि साखळ्यांमधे ब्रश फिरवता येत नाही, त्यामुळे ॲक्रिलिकची पेटी पहिल्या दिवसापासून हवी. आणि पेटी मापाने करून घेताना ए-फ्रेमची उंची विसरू नका, गाडी २४ सेंटीमीटरच्या आतच आहे पण फ्रेम उभी केली की उंची भरपूर लागते आणि ती पुढेही झुकते.

कोणी घ्यावं? दोन-चार टँक करून झालेत आणि आता त्याच-त्याच रंगकामाचा कंटाळा आलाय त्यांनी जरूर. एकदम पहिलंच किट म्हणून नको, केबल आणि पुल्यांमधे धीर सुटेल. आणि घरी कोणी यंत्रांत रमणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवून करा. आमच्याकडे गणपतीत सोसायटीच्या मुलांना दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न "ह्याला तोफ का नाही?" आणि पाच मिनिटांनी तीच मुलं ब्लेड टेकवला नाही तर गाडी पुढे कशी कलंडेल ह्यावर भांडत होती.

वायरचं शेवटचं, कारण सगळे तेच विचारतात. रिळ किलोवर विकतात आणि ते आपल्याला जन्मभर पुरेल एवढं असतं. रिवायंडिंगवाल्याला सरळ सांगा की ३० आणि ३८ गेजचे पाच-पाच मीटरचे तुकडे हवेत, उरलेल्या रिळावरून काढून देतात. ३८ ची आणताना पुठ्ठ्यावर गुंडाळून आणा, खिशात टाकली की तिला बाक पडतात आणि मग ती कधीच एकसारखी पिळली जात नाही.