ऑफ-फ्लेवर किट: बिअर राहू द्या, आधी आपली जीभ तपासा

घरी बिअर बनवणारे एकमेकांच्या बाटल्या उघडतात तेव्हा "मस्त झालीय" याइतका बिनकामाचा शेरा दुसरा नाही. ज्याने आठवडेच्या आठवडे फर्मेंटर (बिअर आंबवण्याचं भांडं) सांभाळला, त्याच्या तोंडावर दुसरं बोलणार तरी काय? आमच्याकडेही बिघडलेल्या बिअरला फार तर "जरा वेगळी लागतेय" एवढंच ऐकायला मिळायचं, आणि बनवणारा ते खुशाल कौतुकात धरायचा. शेवटी वर्गणी काढून दोष ओळखायला शिकवणारं हे किट मागवलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी किटं बरीच मिळतात आणि थोड्याफार फरकाने सगळी सारखीच असतात.

छोट्या डबीत कॅप्सूल येतात. प्रत्येकीत एकेका दोषाला कारणीभूत असलेलं रसायन भुकटीच्या रूपात असतं. बाजारातली साधी, फिकट लागर (कमी तापमानाला आंबवलेली बिअर) घ्यायची, एक लिटरमध्ये एक कॅप्सूल मिसळायची आणि शेजारी तीच बिअर काही न मिसळता ठेवायची. आता पहिली तक्रार. माहितीपत्रक सांगतं, कॅप्सूल उघडून भुकटी बिअरमध्ये टाका. भरलेल्या भांड्यात ती टाकलीत तर फेस काठावरून टेबलावर येणार, हे लिहायला मात्र ते विसरलेत. रिकाम्या भांड्यात घोटभर बिअर घ्या, त्यात भुकटी विरघळवा, मग बाकीची हळूहळू ओता. आणि बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायला घेऊ नका. फार गार बिअरचा वास येतच नाही.

पैसे वसूल झाले ते डायअसिटिलच्या कॅप्सूलवर. लोण्याचा वास, जिभेवर किंचित तेलकट बुळबुळीतपणा. माझ्या नाकाला तो ग्लास हातात घेताच कळला. आमच्यातला सर्वांत जुना, लागरसाठीच ओळखला जाणारा गडी मात्र दोन्ही ग्लास आलटून पालटून हुंगत बसला आणि म्हणाला, "अरे, एकच आहे की दोन्हीत!" मग त्रिकोणी चाचणी घेतली: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून ती पुन्हा पुन्हा घेतली. त्याला जमलं नाही ते नाहीच. यात त्याचा दोष नाही. डायअसिटिल जाणवण्याची पातळी माणसागणिक बरीच बदलते आणि काहींना ते जवळजवळ कळतच नाही. पण त्याच्या काही लागरना लोण्याची झाक का असायची आणि ती त्याला कधीच का दिसली नाही, याचा उलगडा त्या टेबलावर झाला.

आता तो बाटल्या भरण्याआधी दोन नमुने काढतो. एक झाकण लावून ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवतो, गार करतो आणि दोन्ही दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला देतो. गरम केलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला तर बिअरमध्ये डायअसिटिलचं पूर्वद्रव्य, म्हणजे ज्यापासून ते बनतं ते द्रव्य, अजून शिल्लक आहे. मग यीस्टला १८ ते २० अंशांवर आणखी दोन-तीन दिवस द्यायचे, म्हणजे ते तयार होणारं डायअसिटिल स्वतःच शोषून घेतं. घाईने गार करायला घेतलं की यीस्ट सुस्तावतं आणि लोणी बाटलीत जातं.

माझी पाळी ओल्या पुठ्ठ्याच्या कॅप्सूलवर आली. बिअरला हवा लागून ती शिळी झाल्याचा हा वास. बाकीचे नाक मुरडत होते आणि मला तो ग्लास फक्त थोडा मिळमिळीत वाटला. तेव्हापासून कुणाच्या जुन्या बाटलीबद्दल मी एकटी निकाल देत नाही. उकडलेल्या मक्याचा वास, म्हणजे डीएमएस, मात्र मला लगेच सापडतो. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वापरून उकळी कमी दिली किंवा झाकण ठेवून उकळलं की तो हमखास राहतो.

केळं आणि लवंग या दोन कॅप्सूल सरळ दोषांच्या यादीत टाकल्यात, हे मला पटलं नाही. लागरमध्ये ते दोष खरेच, पण हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ते नसतील तर बनवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. पत्रकात यावर एक ओळ हवी होती. उन्हाने बिघडलेल्या बिअरची कॅप्सूल तर निव्वळ भरती. हिरव्या बाटलीतली हॉप्सवाली बिअर थोडा वेळ उन्हात ठेवा, तोच वास फुकटात मिळतो.

मोठी तक्रार मात्रेबद्दल आहे. जाणवण्याच्या किमान पातळीच्या साधारण तिप्पट रसायन घातलेलं असतं, त्यामुळे दोष अक्षरशः ओरडून सांगतो. घरच्या बिअरमध्ये तो कुजबुजतो. म्हणून ओळख पटली की त्यात साधी बिअर घालून अर्धं करा, मग पाव. खरं शिक्षण तिथेच होतं.

आमच्या गुणपत्रिकांत फरक पडलाय. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. (काचेसारखी नितळ बिअर करण्यासाठी जीव टाकणाऱ्यांनी तो ३ चा आकडा पुन्हा वाचावा.) पूर्वी आम्ही नुसते आकडे भरायचो. आता शेजारी "लोणी, हलकं, गिळल्यावर" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बनवणाऱ्याला पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

एकटे असाल तर घेऊ नका. एका कॅप्सूलने बिघडवलेल्या लिटरभर बिअरचं तुम्ही एकटे काय करणार? सहा-आठ जण असाल तर जरूर घ्या, पण सगळ्या कॅप्सूल एका बैठकीत उडवू नका, चार-पाचनंतर नाक थकतं. आणि ब्युटिरिक आम्लाची, म्हणजे ओकारीच्या वासाची कॅप्सूल खिडक्या उघडून सर्वांत शेवटी फोडा, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक ग्लासात तीच सापडेल.