फाइव्ह कॉल्स : नंबर देतं, वेळ आपणच साधायची

अमेरिकेत खासदाराला ईमेल पाठवायला अर्धा मिनिट पुरतो, आणि त्याचं वजनही तेवढंच. एकाच मजकुराचे हजारो ईमेल आले की कार्यालयात त्यांचा एक गठ्ठा होतो, उत्तरही एकच साचेबंद जातं. फोन मात्र कुणाला तरी उचलावा लागतो. म्हणून तिथल्या पुरोगामी कार्यकर्त्यांची भिस्त फोनवर. २०१७ पासून त्यासाठी 'फाइव्ह कॉल्स' आहे. वेबसाइट आणि अ‍ॅप, दोन्ही फुकट.

वापर सोपा आहे. पत्ता टाकायचा, विषय निवडायचा. कनिष्ठ सभागृहातला तुमचा प्रतिनिधी आणि वरिष्ठ सभागृहातले (सिनेट) तुमच्या राज्याचे दोन सिनेटर यांचे नंबर येतात, सोबत बोलायचा मसुदा. फोननंतर काय झालं (बोलणं झालं, व्हॉइसमेल ठेवला, की फोन लागलाच नाही) ते बटण दाबून नोंदवायचं. नुसता झिप कोड (तिथला पिनकोड) टाकू नका. काही झिप कोड दोन मतदारसंघांत विभागलेले असतात आणि भलत्याच प्रतिनिधीचं नाव येऊ शकतं. संसदेचा जुना स्विचबोर्ड (२०२-२२४-३१२१) अजून चालतो, पण तिथला ऑपरेटर एका वेळी एकाच कार्यालयाला जोडून देतो. फाइव्ह कॉल्सवर स्थानिक कार्यालयांचे नंबरही मिळतात. वॉशिंग्टनचा व्हॉइसमेल भरला की तेच कामाला येतात, आणि मोठ्या मतदानाच्या आदल्या दिवशी तो हमखास भरतो.

मसुदा ही जमेची बाजू, आणि अडचणही तीच. पलीकडे बहुधा इंटर्न किंवा नवखा सहायक असतो. तो नाव आणि झिप विचारतो, विषय आणि बाजूने की विरोधात एवढं टिपतो. लांबलचक परिच्छेद वाचून दाखवला तरी नोंद तेवढीच होते. दोन वाक्यांत उरका: 'मी अमुक गावातून बोलतोय. अमुक क्रमांकाच्या विधेयकावर विरोधात मत द्या.' पुढे एक गोष्ट स्वतःची जोडा, जसं की विमा कंपनीने कोणता उपचार नाकारला, हप्ता किती वाढला. असा तपशील आरोग्य विषय पाहणाऱ्या सहायकापर्यंत जाण्याची शक्यता तरी असते. एका फोनला एकच विषय.

खरी मर्यादा वेगळीच आहे. हे साधन तुम्हाला तुमच्याच खासदाराकडे नेतं. मत अडलेलं असतं दुसरीकडे. सरकारी विमा पर्यायाचंच घ्या, म्हणजे खाजगी विम्याच्या जोडीला सरकारी आरोग्य विमा. २९ सप्टेंबर २००९ रोजी सिनेटच्या वित्त समितीत तो आणू पाहणारी डेमोक्रॅट सिनेटर रॉकफेलर यांची दुरुस्ती ८ विरुद्ध १५ अशी पडली, न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट शूमर यांची १० विरुद्ध १३. २३ जणांच्या समितीत डेमोक्रॅट १३ होते, म्हणजे घात घरातूनच झाला. मोंटानाचे बॉकस, नॉर्थ डकोटाचे कॉनरॅड आणि आर्कान्सॉच्या लिंकन दोन्ही वेळा विरोधात गेले. न्यूयॉर्ककराने शूमर यांना रोज फोन केला असता तरी उपयोग काय, ते तर बाजूचेच! बाहेरच्या राज्यातला फोन कार्यालयं बहुतेक मोजतच नाहीत. अशा वेळी अ‍ॅप बाजूला ठेवून मोंटानातल्या ओळखीच्या माणसाला फोन करायला लावणं जास्त कामाचं.

समितीबाहेर, पूर्ण सभागृहातल्या मतदानाला मात्र हे साधन चपखल बसतं. मोठ्या बँकांच्या आकाराला मर्यादा घालणारी ब्राउन-कॉफमन दुरुस्ती ६ मे २०१० रोजी ३३ विरुद्ध ६१ मतांनी पडली, आणि त्या ६१ मध्ये डेमोक्रॅटही भरपूर होते. २०१८ मध्ये बँकांवरच्या कडक देखरेखीची मर्यादा ५० अब्ज डॉलरवरून २५० अब्जांवर नेणारं विधेयक सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३१ असं मंजूर झालं. डेमोक्रॅटांच्या मतांशिवाय ते अडवणूक मोडायला लागणाऱ्या ६० मतांपर्यंत पोचलंच नसतं. तिथे प्रत्येक राज्यातला फोन कामाचा होता.

वेळेचं गणितही सांभाळा. कार्यालयं साधारण पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी ९ ते संध्याकाळी ५-६ उघडी असतात. कॅलिफोर्नियात दुपारी तीननंतर लावलात तर बहुधा यंत्रच बोलेल.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा स्थानिक नंबरांसाठी, दीड कापला तो समितीच्या टप्प्यासाठी. तो टप्पा गाठायचा तर काँग्रेस डॉट गव्हवर विधेयकाची ईमेल सूचना लावून ठेवा, आणि कोणत्या समितीत कोण बसलंय ते आधीच पाहून घ्या.