आंबोळगडच्या वहीत आमचं नाव नव्हतं

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दहाजण कोकण किनाऱ्यानं निघालेल्या एका बॅकपॅकिंग ट्रिपला गेलो आणि चौथ्या रात्री राजापूर तालुक्यातल्या आंबोळगडला अडकून पडलो. ट्रिप काढणारा माणूस पैसे घेऊन दुपारीच पसार झाला होता. आता तो दुसऱ्या नावानं पुन्हा जाहिराती करतोय, म्हणून जे घडलं ते सगळं सांगते.

दहाजणांत कोणीच कोणाच्या ओळखीचं नव्हतं. मी मूळची सांगलीची, पुण्यात नोकरी. इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिली: हर्णै ते रेडी, आठ दिवस, हायवे नाही, सागरी रस्त्यानं, घरगुती राहणं, रोज वेगळा किनारा. मला हेच हवं होतं. मुंबई-गोवा हायवेनं कोकणात दहादा गेले असेन, पण खाडीमागून खाडी ओलांडत समुद्राला धरून कधीच गेले नव्हते. एकटीनं जायचं धाडस नव्हतं, मैत्रिणींना सुट्टी नव्हती. अनोळखी ग्रुपबरोबर जाणं त्यातल्या त्यात सोयीचं वाटलं.

मी चौकशी केली नाही असं नाही. त्याच्याकडे आधार कार्ड मागितलं, त्यानं लगेच पाठवलं. नोंदणी आहे का विचारलं, तर 'उद्यम'चं सर्टिफिकेट आलं, वर राजमुद्रा, खाली क्यूआर कोड. मला ते सरकारी परवान्यासारखं वाटलं. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योगाची नोंद, हे आता कळलंय. ती फुकट होते, स्वतःच्या घोषणेवर होते. ते सर्टिफिकेट असलं म्हणून कोणी तुमच्या प्रवासाची हमी घेतलेली नसते. यूपीआयनं पैसे भरताना समोर एका बाईचं नाव आलं. "आईचं खातं आहे ताई, माझ्या खात्याचं लिमिट संपलंय." मी थांबायला हवं होतं. मी भरले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, पण त्यात फक्त तोच लिहू शकत होता. बाकीच्यांनी काही विचारायचं तर त्याला वेगळा मेसेज करायचा. कारण काय, तर "ग्रुपवर उगाच गोंधळ होतो." मुक्कामाच्या घरांचे नंबर मागितले तर म्हणाला, गावातल्या माणसांना सारखे फोन गेले की ती वैतागतात, रेट वाढवतात, सगळं माझ्याकडूनच होऊ द्या. ड्रायव्हरांनाही त्यानं सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांशी पैशांचं काही बोलायचं नाही. त्याची सगळी हुशारी या तीन गोष्टींत होती. आम्ही दहाजण, दोन ड्रायव्हर आणि घरवाले, यांपैकी कोणालाही दुसऱ्याशी त्याच्याशिवाय बोलायची वाट त्यानं ठेवली नव्हती.

पहिले तीन दिवस मात्र खरे होते, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला, समोर सुवर्णदुर्ग. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं गाड्यांसकट पलीकडे गेलो. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी कपारीत घुसून वर उसळतं, ते बघत तासभर उभे राहिलो. तवसाळहून पुन्हा फेरीबोटीनं जयगड, मग मालगुंडला मुक्काम. केशवसुतांच्या घरी जाऊन आलो. राहणं साधं, जेवण गरम, माणसं प्रेमळ. चौथ्या दिवशी सकाळी आरे-वारेच्या घाटीत गाड्या थांबवून त्यानं आमचा ग्रुप फोटो काढला. तोवर संशयाला जागाच नव्हती. गेल्या तीन दिवसांनी आमचा विश्वास पक्का करून टाकला होता, आणि पुढचे पैसे त्यानं त्या विश्वासावरच मागितले.

रत्नागिरीत जेवताना तो म्हणाला, मालवणचं स्कुबा आणि देवबागची बोट नाताळामुळे फुल्ल होतायत, आज पैसे भरले तर माणशी २,२०० मध्ये बसवतो. प्रत्येकाला त्यानं बाजूला नेऊन वेगवेगळं सांगितलं. दहाही जणांनी भरले, २२,००० रुपये. मग, "मी बाईकनं पुढे जाऊन आंबोळगडची सोय बघतो, तुम्ही पावस, पूर्णगड, कशेळी करत आरामात या." कशेळीचं कनकादित्याचं देऊळ बघून आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याचा फोन बंद लागत होता. रेंज नसेल म्हणालो. त्या रस्त्यावर रेंज जातेच.

आंबोळगडला पोचलो तेव्हा सूर्य समुद्रात टेकला होता. ज्या घराचं लोकेशन त्यानं पाठवलं होतं तिथल्या काकांनी आम्हाला बघून विचारलं, "कोण पाहिजे?"

बुकिंग आहे म्हटल्यावर ते आत गेले आणि वही घेऊन आले. शाळेची असते तशी दोनशे पानी वही, मधोमध दोरी. दर तारखेला एक ओळ: नाव, माणसं, अ‍ॅडव्हान्स. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ओळीवरून खाली नेलं. आमच्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याच्याखाली कोल्हापूरचं एक कुटुंब, सहा माणसं, तीन हजार जमा. "नोव्हेंबरात एकाचा फोन आला होता, रेट विचारला, परत काय फोन नाय केला त्यानं," असं म्हणत त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी स्वतः बघावं म्हणून. ती रिकामी ओळ मी अजून विसरलेले नाही.

त्याच वेळी मागं आवाज चढले. ड्रायव्हर दादांनी किल्ली खिशात टाकली होती. एका गाडीचे सात हजार ठरले होते, त्यातले दोन हजार हातात आले होते. डिझेल हर्णैनंतर त्यांनीच भरलेलं. "मला माझे पैसे मिळेपर्यंत गाडी हलणार नाही." आमच्यातला एकजण त्यांच्या अंगावर धावून गेला, तुम्ही त्याच्यात सामील आहात म्हणून. दादांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मीच हप्ता थकवून आलोय."

काकू पडवीत आल्या. "जेवून घ्या आधी, मग बघू काय ते." बारा माणसांचा भात, कुळथाची पिठी, तव्यावरचे बांगडे, सगळं तासाभरात. पैशांचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

जेवणानंतर अंगणात आम्ही पहिल्यांदा गोल करून बसलो आणि कोणी किती भरले ते एका कागदावर लिहायला घेतलं. कोणी ८,०००, कोणी ११,५००. मला सांगितलं होतं की मुलींना सवलत आहे. ज्या मुलाला सर्वांत महाग पडली त्याला सांगितलं होतं की शेवटची सीट आहे. दहाजणांचे मिळून ९६,५०० आणि वरचे २२,०००. एकाला हर्णैलाच शंका आली होती, पण बाकी सगळे निवांत दिसले म्हणून तो गप्प बसला. त्या कागदावरचे आकडे आम्ही पहिल्या दिवशी गाडीत बसून एकमेकांना विचारले असते, तर रत्नागिरीतले पैसे तरी गेले नसते.

त्या रात्री अजून एक गोष्ट कळली. दोन्ही गाड्यांची पाटी पांढरी होती. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, तिला भाडं मारायची परवानगी नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला नकार देऊ शकते. घाटातल्या त्या वळणांवरून आम्ही चार दिवस तसे फिरलो. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे, विम्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे मिनिटभरात दिसतं. निघण्याआधी बघा, आणि पांढरी पाटी आली तर बसू नका. मग पैसे बुडाले तरी चालतील.

सकाळी पडवीच्या कोपऱ्यात, जिथं रेंजच्या दोन काड्या येत होत्या तिथं उभं राहून मी १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा क्रमांक. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये येणारा व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, बँक एवढं तयार ठेवा, ते लगेच विचारतात. पैसे पुढच्या खात्यात जिथं असतील तिथं अडवायचा प्रयत्न होतो, म्हणून तास मोजावे लागतात. रत्नागिरीतल्या व्यवहाराला सोळा-सतरा तास झाले होते. तिघांचे मिळून ६,६०० रुपये होल्ड झाले आणि नंतर परत आले. बाकीचे आधीच काढले गेले होते. रात्रीच फोन केला असता तर? आम्ही रात्र रागात घालवली.

पोलीस ठाण्यात आधी ऐकावं लागलं की हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, पैसे पुण्यातून भरलेत तर पुण्याला जा. तेव्हा परत फिरू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यायला हवी, आणि फसवणुकीसाठी न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आमच्यातल्या एकानं ही दोन कलमं शांतपणे सांगितली, तेव्हा तक्रार लिहून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तिथं समोरच्याचा पत्ता लागतो. आमच्याकडे जो होता तो आधार कार्डावरचा, आणि ते कार्ड त्याचं नव्हतंच. तपासात निघालं की ते त्याच्या आधीच्या एका ट्रिपला गेलेल्या मुलाचं होतं.

काकांचे आम्ही माणशी पाचशे रुपये दिले, ते घेत नव्हते. ड्रायव्हर दादांना वर्गणी काढून डिझेलचे पैसे दिले, त्यांनी आम्हाला राजापूरला सोडलं, तिथून जो तो एसटीनं नाहीतर रेल्वेनं घरी. विजयदुर्ग, देवगड, मालवण, रेडी राहूनच गेलं.

कोणत्याही ग्रुप ट्रिपला जाणार असाल तर चौथ्या-पाचव्या मुक्कामाच्या घराचा नंबर मागा आणि स्वतः फोन करा. पहिल्या मुक्कामाचा नको, तिथं पैसे पोचलेले असतात. "आमच्या नावानं किती जमा आहेत?" एवढंच विचारा. कोकणातली घरं वही ठेवतात आणि खरं सांगतात. पर्यटन खात्याच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदलेली घरंही आहेत, त्यांच्याशी थेट बोलता येतं. ग्रुपमध्ये बाकीच्यांना बोलायची सोय नसेल तर नावं बघून एकेकाला मेसेज करा. आणि आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. आम्ही दहाही जणांनी पूर्ण कार्डांचे फोटो त्याला पाठवले होते.

त्याचा परिणाम फेब्रुवारीत दिसला. नाशिकहून एका मुलीचा फोन आला. तिनं मला शोधून काढलं होतं. गोकर्णच्या एका ट्रिपसाठी तिनं ओळखपत्र मागितलं तर आयोजकानं 'आमच्या लेडी ट्रिप लीडर' म्हणून माझं आधार कार्ड पाठवलं होतं. तिनं अ‍ॅडव्हान्स भरला होता, दुसरा हप्ता त्या संध्याकाळी जाणार होता. तो गेला नाही. तिची तक्रारही आता आमच्या तक्रारीला जोडली आहे.

त्या जाहिरातीचा फोटो तिनं मला पाठवला. आरे-वारेची घाटी, मागं दोन्ही किनारे, दोन पांढऱ्या पाटीच्या गाड्या आणि हात वर करून हसणारी दहा माणसं. डावीकडून तिसरी, निळ्या ओढणीतली, ती मी. हा फोटो कुठं दिसला तर पैसे भरू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० ला कळवा.