घरचा प्रोजेक्टर, तेरा महिन्यांनंतर: उजेड भरपूर, काळोख मिळेना

२०२४च्या गुढीपाडव्याला घेतलेल्या प्रोजेक्टरला मी महिनाभरातच परीक्षण लिहून पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. त्यातले दोन आज परत घेतोय. ज्यांनी माझं वाचून घेतला असेल त्यांना हे सांगणं माझं कामच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बऱ्याच यंत्रांचं पोट आतून सारखंच असतं, तेव्हा जे लिहितोय ते तुमच्या यंत्रालाही लागू पडेल.

किंमत १४,५०० रुपये. पाच माणसांचं घर. मल्टिप्लेक्सला गेलो की तिकिटं, मुलांचं पॉपकॉर्न, पार्किंग धरून दोन हजारांना हात लागायचा. म्हणजे सात-आठ वेळा घरी पाहिलं की पैसे वसूल, असा हिशेब मांडला होता. तो खराही ठरला. वहीत नोंद आहे: तेरा महिन्यांत घरी एकसष्ट सिनेमे. पैशांच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती काळ्या रंगाची.

ऑगस्टमध्ये भिंतीवरच्या चित्राच्या उजव्या अंगाला, वरून वीतभर खाली एक ठिपका दिसायला लागला. उजेडातलं दृश्य असेल तर कळायचाही नाही. रात्रीचं दृश्य आलं की मात्र बशीएवढा धुरकट पांढरा डाग तिथे उभा. पात्रं त्यातून ये-जा करायची. आधी भिंत पुसली, मग भिंग पुसलं. डाग होता आत. एकाच एलसीडी पॅनेलचं, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या एकाच काचेचं यंत्र, दिवा तापू नये म्हणून पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर धूळही येते. चार इंची पॅनेलवर बसलेला कण शंभर इंचांच्या पडद्यावर पंचवीसपट मोठा दिसणार, हे साधं गणित आहे.

सेवा केंद्रात सांगितलं, ‘धूळ वॉरंटीत बसत नाही, साफसफाईचे २,८०० रुपये.’ मी घरी आलो, माळ्यावरून खोका काढला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: सीलबंद ऑप्टिकल इंजिन, म्हणजे चित्र तयार करणारा आतला भाग हवाबंद. सीलबंद आहे तर धूळ गेली कुठून? आणि गेली असेल तर सील नीट नाही, हा दोष कुणाचा? खोक्याचा फोटो काढून मेल केला, आठ दिवस उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर फोन आला, यंत्र जमा करून घेतलं. केंद्रातला माणूस म्हणाला, ‘साहेब, गणपती झाल्याशिवाय काही होणार नाही.’ एकूण चौतीस दिवस गेले, पण एक रुपया न घेता साफ करून मिळालं. खोके टाकू नका. बिलाइतकाच खोका कामाचा असतो.

पण त्या चौतीस दिवसांत माझं मत फिरलं, आणि ते सेवा केंद्रामुळे नाही.

जुलैत भर पावसात आम्ही घरी ‘तुंबाड’ पाहिला होता. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ सालचा. तेव्हा थिएटरात बघायचा राहून गेला होता. घरी पाहिला आणि मला तो थोडा फिकाच वाटला. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात लागला. प्रोजेक्टर सेवा केंद्रात, सोमवारचं तिकीट स्वस्त, म्हणून थोरल्या मुलाला घेऊन गेलो. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की जुलैमध्ये आम्ही हा सिनेमा पाहिलाच नव्हता. वाड्यात दिव्याचा उजेड जिथे संपतो, तिथून पुढे पडद्यावर काहीच नव्हतं. अगदी काळंभोर. त्या काळ्यात काय आहे ते दिसत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो. आमच्या भिंतीवर त्याच जागी राखाडी रंग होता आणि त्यात वाड्याचे कोनाडे स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या फेरीत या सिनेमाने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला, तो का, हे मला त्या खुर्चीत बसून समजलं.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडताच येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळा म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती तुमची भिंत. खोलीत जेवढा उजेड, तेवढा तुमचा काळा फिका. आणि अशा स्वस्त पॅनेलमधून बंद जागीही थोडा उजेड झिरपतोच. खोक्यावर मात्र ल्युमेन्सचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे आकडे. हजारांत छापतात, एएनएसआय या प्रमाणित पद्धतीने मोजलं तर यातलं बरंचसं गळून पडतं. पण मला आता तो वादही गौण वाटतो. आकडा खरा असता तरी उपयोग काय? घ्यायचा होता काळोख, आणि तो खोक्यात येत नाही.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘त्यात काय नवीन? तंबूत सुद्धा अंधार पडल्याशिवाय खेळ चालू करायचे नाहीत.’ तिचं माहेर खटाव तालुक्यातलं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू टॉकीज यायच्या. कापडी पडद्याच्या मागच्या बाजूने बसलं तरी सिनेमा दिसायचा, फक्त उलटा; सगळे डाव्या हाताने जेवायचे, डाव्या हाताने मारामारी करायचे. यात्रेतल्या दुकानांचे दिवे तंबूच्या फटीतून आत आले की लोक ओरडायचे आणि मालकाचा माणूस धावत जाऊन पोतं लावायचा. आता आईचे गुडघे थिएटरच्या पायऱ्या चढू देत नाहीत. घरी ती पलंगावर लोडाला टेकून पूर्ण सिनेमा बघते, तीन तासांचासुद्धा. प्रोजेक्टरचे तीन तारे राखून ठेवले आहेत ते तिच्यासाठी.

दुसरा बदल फेब्रुवारीत झाला. त्यात यंत्राचा दोष नाही, पण हिशेबात तो धरावा लागतो. एप्रिल २०२४मध्ये जिओसिनेमाचा महिना २९ रुपयांचा प्लॅन आला होता; माझ्या हिशेबाचा तो पायाच होता. नोव्हेंबरमध्ये जिओसिनेमावाली वायकॉम१८ आणि हॉटस्टारवाली स्टार इंडिया यांचं विलीनीकरण पूर्ण झालं, ७०,३५२ कोटींचा व्यवहार. १४ फेब्रुवारी २०२५ला दोन ॲपचं जिओहॉटस्टार झालं. जाहिरातींविना हवं असेल तर तेव्हा, २०२५मध्ये, तीन महिन्यांना ४९९ झाले. आधी तीन महिन्यांना ८७ जायचे. एचबीओच्या मालिका तर २०२३मध्ये हॉटस्टारवरून निघून जिओसिनेमावर गेल्या आणि विलीनीकरणात पुन्हा त्याच छपराखाली आल्या. डिस्नेने २०१९मध्ये ७१ अब्ज डॉलरला फॉक्सचा स्टुडिओसकट बराचसा पसारा घेतला, त्यातूनच स्टार इंडिया डिस्नेकडे आली होती. तिकडच्या सह्या इकडे माझ्या वहीत उतरतात.

थिएटरांचंही तेच. आयनॉक्सचं पहिलं मल्टिप्लेक्स २००२ साली आमच्या पुण्यातच सुरू झालं. पुढे फेम ही थिएटरांची साखळी आयनॉक्सकडे गेली, सिनेमॅक्स ही दुसरी पीव्हीआरकडे. मार्च २०२२मध्ये आयनॉक्स आणि पीव्हीआरने एकत्र यायचं जाहीर केलं तेव्हा पीव्हीआरचे ८७१ आणि आयनॉक्सचे ६७५ पडदे होते. फेब्रुवारी २०२३पासून ती एकच कंपनी. पूर्वी शुक्रवारी पेपरात ‘कुठे लागलाय’ ते बघायचो. आता घरात पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या ॲपवर येणार?’ हिंदी सिनेमाला मोठी मल्टिप्लेक्स आठ आठवडे मागतात, मगच तो घरी येतो. हे आमच्या धाकट्यालाही पाठ झालंय. कॅलेंडरवर तो छप्पन्न दिवस मोजून खूण करतो. आठ आठवडे थांबायचं ठरलं की सिनेमाची ओढ निम्मी होते, हे मी त्याच्याकडे बघून सांगतोय. खूण केलेल्या दिवशी तो दुसरंच काहीतरी लावायला सांगतो.

म्हणून घरात आता एक नियम केलाय. सिनेमात रात्र आहे का ते आधी विचारायचं. असेल तर थिएटर, सोमवार ते गुरुवार, पॉपकॉर्न नाही. विनोदी, कौटुंबिक, दिवसाउजेडी असेल तर घर. या वर्षात असे सहा वेळा गेलो आणि सहाही वेळा पैसे सत्कारणी लागले.

घरच्या काळोखासाठी जे केलं तेही लिहितो. पांढऱ्या भिंतीला फिकट करडा रंग दिला, ६४० रुपये. चित्र किंचित मंद झालं पण काळा बराच खाली आला. यातला सगळ्यात चांगला खर्च हाच. खिडकीसमोर रस्त्यावरचा एलईडी दिवा आहे, त्यासाठी लक्ष्मी रोडवरून जाड काळं कापड आणून दुहेरी पडदा शिवला. टीव्हीखालच्या राउटरच्या निळ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. खेळ नऊच्या आत सुरू करायचा नाही. ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका. इको मोडवर पंख्याची घरघरही कमी होते.

यंत्रातल्या ॲपवर चित्र धुरकट दिसत असेल तर प्रोजेक्टरला दोष देण्याआधी ॲप चालवणारी वेगळी टीव्ही स्टिक लावून बघा. परवाना नसलेल्या यंत्रावर काही ॲप मुद्दाम कमी दर्जाचं चित्र देतात. यात माझा एक आठवडा गेला.

गेल्या रविवारी डाव्या कोपऱ्यात नवा ठिपका दिसला. अजून वाटाण्याएवढाच आहे. वॉरंटी एप्रिलमध्ये संपली. मागच्या वेळी तंत्रज्ञाने झाकण उघडलं तेव्हा मी शेजारी उभा राहून पाहिलं होतं: सहा स्क्रू, मग पंख्याची वायर, मग काचेची चौकट. कॅमेऱ्यावरची धूळ उडवायचा हवेचा फुगा आणून ठेवलाय. आई म्हणते, अमावस्येनंतर उघड.