कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं मेंदू-पुनर्वसन केंद्र: शाळेत परतणाऱ्या मुलांसाठी कितपत कामाचं?

मेंदूच्या ऑपरेशननंतर मूल चालू-बोलू लागलं की घरचे निर्धास्त होतात. खरी अडचण शाळेत कळते. दोन ओळी उतरवून होईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असतो. समज शाबूत असूनही वेग गेलेला असतो. हे केंद्र काम तिथूनच सुरू करतं.

पहिल्या दोन भेटी तपासणीच्या. नुसता बुद्ध्यांक हातात देऊन बोळवण होत नाही. लक्ष, वेग आणि कार्यस्मृती (हातातलं काम होईपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवणं) यांचे गुण वेगळे मिळतात. तीच चाचणी दोन-तीन महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावानंच गुण फुगतात. म्हणून फेरतपासणी वर्षाने. पालकांनी कितीही घाई केली तरी इथे ऐकत नाहीत, हे चांगलंच.

शिकवणं उत्तम. भेळ कशी करायची याचे सहा चित्रपत्ते क्रमाने लावायचे असतात. 'आठवतंय का बघ' असं कुणी म्हणत नाही, कारण अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात बसतं. आधी दाखवायचं, मग ३० सेकंदांनी विचारायचं. जमलं की १ मिनिटाने, मग २, मग ४. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगून अंतर एक पायरी कमी करायचं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे होईपर्यंत सगळे गप्प. घरी नेमकं हेच बिघडतं: तिसऱ्या आकड्याला आई 'अगं, चिरमुरे!' म्हणते आणि पोरीचा धागा तुटतो.

कॉम्प्युटरवरच्या खेळांना मात्र ४५ पैकी २० मिनिटं कशाला? खेळातले गुण वाढतात, गणितात फारसं उतरत नाही. त्यात संध्याकाळी सहाची वेळ, मूल शाळेतून दमून आलेलं. सकाळची वेळ मागून घ्या. दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर तोल जाणाऱ्या मुलांना तो जिना म्हणजे शिक्षाच.

शाळेसाठी मराठीत एक पान देतात: फळ्यावरचं छापून द्या, एका वेळी एकच सूचना, पेपरला जादा वेळ. दर जूनला ते नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. बोर्डाच्या सवलतीला तेवढ्यावर भागत नाही, सरकारी प्रमाणपत्र लागतं.

मोठी तक्रार एकच. सहा महिन्यांनी फाईल बंद होते, मग वर्षाची फेरतपासणी आपणच लक्षात ठेवायची. मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन (किरणोपचार) झालेल्या मुलांची घसरण अनेकदा वर्षा-दोन वर्षांनी दिसू लागते. त्यांच्यासाठी पुढच्या तपासणीची तारीख आधीच लिहून घ्या.